उकिरड्यातल्या दोन कवट्या

मंदा, तुझ्या दहाव्याला माणसं खूप खोटं बोलली. महाराजांनी प्रवचनात सांगितलं, की ताई लहानपणापासून शांत आणि सोशिक होत्या. त्यांनी तुला कधी पाहिलंही नव्हतं. मग तुझ्या कॉलेजातले दोन साहेब उठले, त्यांनीही तेच सांगितलं. मी बायकांत बसले होते. मला उठून सांगावंसं वाटत होतं, की ही कसली शांत, ही चावायची. लग्न होऊन मी आले त्याच आठवड्यात वेणी घालताना जरा हिसका बसला म्हणून तू माझ्या मनगटाला कडकडून चावली होतीस. तू सहा वर्षांची, मी सोळाची. पण दहाव्याला असलं बोलत नाहीत, म्हणून गप्प बसले.

आता तुझं कॉलेज तुझी स्मरणिका काढतंय. प्राजक्ता, तुझी शेवटची विद्यार्थिनी, वस्तीवर येऊन म्हणाली, "आजी, दोन पानं तुम्ही लिहा. घरचं कुणीतरी हवं." मी चौथी शिकलेली. पत्र लिहिता येतं, म्हणून हे पत्रासारखंच लिहिते. तुझं कौतुक करायला तिथं माणसं पुष्कळ आहेत. मी एक गोष्ट तुझ्यापासून बारा वर्षं लपवली, ती सांगायची आहे, एवढ्यासाठीच हो म्हटलं.

आपल्यात भावजयीनं नणंदेला अहो-जाहो करायची रीत. आत्याबाईंनी, म्हणजे तुझ्या आईनं, मला उंबऱ्यातच बजावलं होतं, की नणंद लहान असली तरी वन्सं म्हणायचं. मग मी म्हणायची, "वन्सं, नाक पुसा." "वन्सं, चिंचेवरनं खाली उतरा, न्हाईतर तंगडी मोडून हातात दीन." आत्याबाई ओट्यावरून ऐकायच्या, पण अहो म्हटलेलं असल्यामुळं त्यांना काही बोलता यायचं नाही. आत्याबाई गेल्या त्या वर्षी तू म्हणालीस, "वहिनी, आता तरी अगं म्हण." मला महिनाभर जमलं नाही. मग एकदा तू दुधाचं पातेलं पालथं केलंस आणि आपोआप जमलं.

तुला हाडांचा नाद मीच लावला, हे कॉलेजात कुणाला माहीत नसेल. माझ्या माहेरी शेरडं होती. ओढ्यात शेरडांची दोन टकुरी, म्हणजे कवट्या, पडलेली सापडली, ती तू परकराच्या ओच्यात घालून आणलीस आणि विचारलंस, यातला बोकड कोणता? मी तुझ्या हातात एकेक देऊन सांगितलं, "हे जड हाय का न्हाई? कपाळाचं हाड दाबून बघ. त्याला टकरा घ्यायच्या असत्यात. मोठं, जड टकुरं नराचं. हलकं ते मादीचं."

"समद्या जनावरांत असंच?"

"समद्या."

मी काही सगळी जनावरं पाहिली नव्हती. शेळी, गाय, म्हैस आणि कोंबडी एवढीच माझी पाहणी. पण तू विचारलंस आणि मी ठोकून दिलं. तू ते तेव्हा ऐकून घेतलंस, आणि त्याचं उत्तर घेऊन पस्तीस वर्षांनी परत आलीस.

मधलं सगळं इथं लिहीत नाही. तुझ्या शिक्षणासाठी मी घरात भांडले, असं तू लोकांना सांगायचीस. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. तुला भाकरी थापता यायची नाही आणि उलट बोलता छान यायचं. कुणाच्या घरी दिली असती तर चार महिन्यांत गाठोडं घेऊन परत आली असतीस. त्यापेक्षा पुण्याला जाऊ द्या म्हटलं, निदान परत येताना काहीतरी शिकून येईल. तू शिकून आलीस आणि बरोबर एक पिंप आणलंस.

त्या पिंपाचा वास तिसगावच्या बाजारापर्यंत गेला असेल. तू आधी वनखात्याच्या शिक्क्याचा कागद दाखवलास आणि मग झाकण उघडलंस. आत समुद्रातल्या प्राण्यांची मुंडकी होती. पुण्यात तुझ्या सोसायटीतल्या लोकांनी तक्रार केली होती, कॉलेजच्या गच्चीवर घारी जमायला लागल्या होत्या, आणि कोकणातल्या दमट हवेत हाडांना बुरशी चढत होती. तुला आपला उकिरडा आठवला. शेणखतात गाडलं की किडे आणि उष्णता मिळून वर्षाच्या आत हाड लख्ख करतात, हे तुला कुणी शिकवायला नको होतं.

"वहिनी, गाडू ना?"

"गाड. पर सांजच्याला मागच्या दारानं ये. आन् आंघूळ केल्याशिवाय चुलीपाशी यायचं न्हाई."

मी नाकाला पदर लावून एक मुंडकं पाहिलं. भोपळ्यासारखं गोल. डॉल्फिनला असते तशी पुढं चोच नाही. पाठीवरही त्याला पर नसतो, असं तू सांगितलंस. कोकणात मिळणारा हा लहानसा प्राणी देवमाशाच्याच खानदानातला, त्यातल्या दातवाल्यांपैकी. मासा नव्हेच, पोराला दूध पाजतो. दात बारीक आणि चपटे होते. मी म्हटलं, "हे दात न्हाईत, खुरपी हायत." तू ते वहीत लिहून घेतलंस. माझं बोलणं कुणी वहीत लिहून घेतलं, असं तोवर झालं नव्हतं.

मग काम ठरूनच गेलं. दर वर्षी तू दोन-चार मुंडकी आणायचीस. उकिरड्याच्या एका कडेला ओळीनं गाडायचीस. मी वरून पाणी शिंपायची, कुत्र्यांना हाकलायची. वर्षानं कवट्या निघाल्या की ओट्यावर धुऊन वाळवायच्या, आणि तू मोजपट्टी घेऊन बसायचीस. मागच्या गोलाची रुंदी, मुस्काटाची लांबी, डोळ्यांच्या खोबणीतलं अंतर. तू आकडा म्हणायचीस, मी पुन्हा म्हणायची, मग तू लिहायचीस. माझ्याकडून चूक होत नाही, असं तू म्हणायचीस.

तू मला एक गोष्ट नीट समजावली होतीस, म्हणून मला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. वाहून आलेला प्राणी बहुतेक वेळा सडलेला असतो, कुत्र्यांनी फाडलेला असतो. नर की मादी, कळत नाही. त्याची कवटी मुकी. पण एखादा ताजा सापडला, तर पोट बघून कळतं. त्या कवटीला तू तारेनं ॲल्युमिनियमची पट्टी बांधायचीस. पट्टीवर नंबर, आणि नर असेल तर गोलाला बाण, मादी असेल तर गोलाखाली फुली. या कवट्या बोलणाऱ्या. त्यांच्यावरून मुक्या ओळखायला शिकायचं. पट्टी खोटी तर पुढचं सगळं खोटं.

आपलं भांडण ओट्यावरच चालायचं, शेंगा फोडताना. एका दुपारचं मला शब्दन् शब्द आठवतं.

"सगळ्यांत मोठा जो दातवाला देवमासा, त्याचा नर मादीपेक्षा कितीतरी मोठा," तू म्हणालीस. "नुसतं डोकंच अंगाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं."

"मग? म्या काय सांगितलं हुतं?"

"ऐक तर. गंगेतल्या डॉल्फिनची मादी नराहून मोठी. मुस्काटही तिचंच लांब."

"गंगेकडचं आपल्याला काय सांगती."

"बरं. काही चोचवाल्या देवमाशांत नरालाच तेवढे दोन दात वर येतात. मादीचे हिरडीतच राहतात."

"टकरा घ्यायला! झालंच की मग."

"आणि हा आपला बिनपराचा आहे ना, त्याची चुलत भावंडं थंड समुद्रात असतात. तिथं मादीचीच कवटी मोठी. नर लवकर वयात येतो आणि वाढायचा थांबतो. घडणसुद्धा वेगळी राहते. मोठा झाला तरी त्याचं डोकं पोरासारखंच."

तुझे दादा समोर बाजेवर तोंड फिरवून बसले होते, चहात साखर कमी पडली म्हणून. मी त्यांच्याकडं पाहिलं, तू माझ्याकडं पाहिलंस, आणि दोघी इतक्या हसलो की सूप कलंडून शेंगा अंगणभर झाल्या. ते म्हणाले, "काय झालं?" तू म्हणालीस, "काही नाही दादा, समुद्राचं चाललंय."

मग मी विचारलं होतं, मादीला कशाला एवढं मोठं व्हायचं? तू म्हणालीस, तिला स्वतःच्या जवळजवळ निम्म्या लांबीचं पोर पोटात वाढवायचं असतं आणि वर दूध पाजायचं असतं. मला पाच झाली होती.

तुझा तर्क होता, की आपल्या किनाऱ्यावरच्या या बिनपराच्यातही मादीचंच डोकं मोठं असणार. कॉलेजात कुणी मनावर घेत नव्हतं. मीही घेत नव्हते. मी म्हणायची, "दाखव." तू म्हणायचीस, "दाखवीन. एकाच ठिकाणची, पुरी वाढलेली, बोलणारी जोडी मिळू दे."

ती जोडी मिळाली. एका जाळ्यात दोन गुदमरून मेले होते. धडं फाटलेली, त्यामुळं लांबी मोजता आली नाही, पण एक नर आणि एक मादी एवढं तू डोळ्यांनी पाहिलं होतंस. नंबर आठ आणि नंबर नऊ. तू स्वतः पट्ट्या बांधल्यास, स्वतः गाडलंस आणि जाताना मला म्हणालीस, "वहिनी, ही दोन लई मोलाची हायत. उकिरडा उपसायच्या आधी फोन कर."

मी फोन केला नाही. अक्षय्यतृतीया झाली होती, बबनचा ट्रॅक्टर दोन दिवस मोकळा होता, खत रानात पडायला हवं होतं. मी त्याला सांगितलं, उजवीकडची कड सोड. त्यानं त्याच्या उजवीकडची सोडली. मी उत्तरेला तोंड करून उभी होते आणि तो दक्षिणेला.

दुसऱ्या दिवशी खत पांगवायला बायका रानात गेल्या आणि बोंब उठली. "अगं बया, राक्षसाचं टकुरं!" एकीनं तर घरी जाऊन हळदी-कुंकू आणलं होतं. मी पोचले तेव्हा दोन्ही कवट्या बांधावर मांडलेल्या, कपाळावर कुंकू, आणि पुढं लिंबू कापायची तयारी. कुणी म्हणे करणी हाय, कुणी म्हणे बांधातच पुरा. मी सगळ्यांना शिव्या घालून त्या पाटीत घातल्या. तारा तुटलेल्या होत्या. खतात हात घालघालून दोन्ही पट्ट्या शोधल्या. कवट्या दोन, पट्ट्या दोन, आणि कुणाची कोणती ते कळायला काही नाही. तू सुट्टीला दुसऱ्याच दिवशी येणार होतीस.

मी ओट्यावर बसले. कुंकू धुतलं. एकेक कवटी हातात घेतली. एक स्पष्टच मोठी होती, जड होती. मी बाणाची पट्टी मोठीला बांधली आणि फुलीची लहानीला. मला वाटलं, मी बरोबरच करतेय. पण खरंच तसं वाटत असतं, तर तुला सांगितलं असतं.

तू आलीस, आधी पट्ट्या पाहिल्यास, मग कवट्या. तीन वेळा मोजलंस. मी आकडे पुन्हा म्हणत होते. तुझा चेहरा उतरला. तू मोजपट्टी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "वहिनी, तुझा बोकडच खरा म्हणायचा. माझं चुकलं."

तेव्हा मला अर्धा क्षण बरं वाटलं, मंदा. हेही लिहून ठेवते. शिकलेल्या नणंदेवर मी डाव जिंकला होता. मग तू वहीत ते जसंच्या तसं उतरवलंस, तुझ्या विरुद्ध जाणारं असून एक आकडा इकडचा तिकडं केला नाहीस. ते पाहिलं आणि माझ्या हातातला तांब्या मला जड झाला. तेव्हाच बोलायचं होतं. "थांब, पट्ट्या मी बांधल्यात," एवढंच. पण तू फोन करायला सांगितलं होतंस आणि मी केला नव्हता. आणि तू सगळ्या गावाला सांगायचीस, की माझी वहिनी तोंडावर खरं बोलते. मी "च्या टाकू का?" म्हणाले.

त्यानंतर तू तो विषय सोडलास. कवट्या आणत राहिलीस, पण ओट्यावरचं ते भांडण बंद पडलं. मी एकदा मुद्दाम काढलं, "काय गं, तुझ्या मोठ्या डोक्याच्या मादीचं काय झालं?" तू म्हणालीस, "नव्हती ती." एवढं साधंच म्हणालीस.

मला समुद्र दाखवायला नेलंस ते याच्यानंतरचं. मी सत्तरीला आले होते आणि समुद्र पाहिला नव्हता. आपण होडीत बसलो, मी काठ घट्ट धरलेला. बराच वेळ काही नाही. मग पाण्यातून एक काळी पाठ वर आली, फुस्स केलं आणि गेली. मी म्हटलं, "येवढंच?" तू हसून हसून होडीच्या तळाशी बसलीस. होडीवाला घाबरला. पुन्हा ती पाठ आली तेव्हा मात्र तू माझा हात धरलास. उन्हात तुझे केस पांढरे दिसत होते, आणि मी तुझी वेणी घालायची ते मला आठवत होतं. त्या दिवशीही मी सांगू शकले असते. तू एवढी खूश होतीस, की म्हटलं कशाला. माणूस नेहमी असंच म्हणतं.

दवाखान्यात तर सांगायचं ठरवूनच आले होते. तू मला म्हणालीस, लिंबाच्या लोणच्यात मीठ कमी घालत जा, आणि झोपलीस. मी तुझ्या उशाशी दोन तास बसले आणि मग शेवटची एसटी गाठायची म्हणून उठले.

प्राजक्ता स्मरणिकेचं विचारायला आली तेव्हा तिच्याजवळ तुझी वही होती. तुझं राहिलेलं काम ती पुरं करणार आहे. ती म्हणाली, "आजी, यातली आठ-नऊची जोडी सगळ्यांत भरवशाची. मॅडमनी त्याच जोडीमुळं आपलं मत बदललं." मी तिला म्हटलं, बाळा, खाली बस. आणि सांगून टाकलं. बबन, कुंकू, लिंबू, सगळं.

तिनं वही उघडून आठ-नऊचं पान काढलं. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आता हाडाचा चिमूटभर भुगा तपासला तरी नर-मादी कळतं," ती म्हणाली.

"मग मंदानं का न्हाई तपासला?"

"शंका असती तर तपासला असता, आजी. मॅडम म्हणायच्या, त्या कवट्या वहिनीच्या राखणीतल्या आहेत."

भुगा तपासायला गेला. मी रोज फोनची वाट बघायची आणि फोन वाजला की उचलायला उशीर करायची. परवा प्राजक्ता स्वतःच आली, दोन्ही कवट्या पेटीत घेऊन. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मोठी मादीची आहे, आजी."

मी गॅसवरचं दूध उतरवायला आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

तू शोधत होतीस ती मोठ्या डोक्याची मादी तुझ्या मांडीवर होती. तू तिला तीन वेळा मोजलंस. तिच्या गळ्यात मी नराची पट्टी बांधली होती.

बाहेर आले तर प्राजक्ता म्हणाली, "एका जोडीनं काही सिद्ध होत नाही हं, आजी. अजून बऱ्याच कवट्या तपासाव्या लागतील."

"तू तपास," मी म्हटलं. "मला पुरं झालं. तिचं बरोबर हुतं."

तिनं पकड दिली. जुन्या तारा मी तोडल्या, नव्या मी बांधल्या. फुलीची पट्टी मोठीला. ओट्यावर, आपण बसायचो तिथंच. बोटांत आता पहिला जोर नाही, म्हणून एक गाठ तिनं दाबून धरली. मग तिनं वही उघडली. तुझ्या अक्षरातल्या त्या दोन ओळी तिनं खोडल्या नाहीत. वहीत खोडायचं नसतं, शेजारी खरं काय ते लिहायचं, असं तूच शिकवलंयस म्हणे. शेवटी शेऱ्याचा रकाना राहिला.

"इथं काय लिहू?"

"लिही, पट्ट्यांची अदलाबदल झाली. चूक कुणाची, तेबी लिही."

तिनं लिहिलं आणि पेन थांबवून विचारलं, "आजी, तुमचं पूर्ण नाव?"

"नाव कशाला? नुसतं वहिनी लिही," मी म्हटलं. "जिची वही हाय तिला कळंल."